सुटी आहे, पण सुटका नाही!

समजा, दिवाळीची सुटी लागलीये. फराळाचे डबे भरलेत, हॉस्टेलवरचे मित्र आपापल्या गावी पोहोचलेत, तुम्ही दुपारी बाराला उठून निवांत फोन चाळत पडलाय. एवढ्यात बाबांच्या ऑफिसातून निरोप येतो की उद्यापासून कामावर येऊ नका.

किती दिवस? माहीत नाही.

पगार? तोही माहीत नाही.

घरून थोडं काम केलं तर? अजिबात करायचं नाही. ऑफिसचा मेलसुद्धा उघडायचा नाही. उघडलात तर कायदा मोडल्यासारखं होईल.

बाबा घरी आहेत. आईला बरं वाटतंय, सगळे एकत्र आहेत. ऐन सणात घर कसं भरलेलं आहे. आता सांगा, याला तुम्ही सुटी म्हणाल का?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. २०१८ च्या नाताळात अमेरिकेतल्या लाखो घरांमध्ये तो खराखुरा उभा राहिला होता. आणि गंमत म्हणजे, ‘सुटीच तर आहे, मग तक्रार कसली?’ असं म्हणणारेही तिथं होते. तेही चांगले मोठ्या खुर्चीत बसलेले!

नेमकं झालं काय होतं?

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अमेरिकेच्या केंद्र सरकारचं १ ऑक्टोबरला. तोपर्यंत तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, खर्चाची बारा वेगवेगळी विधेयकं मंजूर करायची आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांवर सही करायची, अशी पद्धत. ते जमलं नाही की थोड्या दिवसांची तात्पुरती मंजुरी घेऊन गाडी ढकलतात. तीही संपली आणि नवी मिळाली नाही, तर ज्या खात्यांची विधेयकं अडकलीत त्यांना टाळं. यालाच म्हणायचं शटडाऊन.

२०१८ च्या डिसेंबरात बारापैकी पाच विधेयकं मंजूर झालेली होती, सात अडकलेली. घोडं अडलं होतं मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीपाशी. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते आणि डेमोक्रॅट द्यायला तयार नव्हते. ११ डिसेंबरला कॅमेऱ्यांसमोरच ट्रम्प यांनी सांगून टाकलं की, सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करायची वेळ आली तर मला त्याचा अभिमानच वाटेल. आणि २२ डिसेंबरला ते झालंच. पंधरापैकी नऊ मोठ्या खात्यांचे पैसे थांबले. साधारण आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार एका भांडणात अडकला.

यामागचा कायदा फार जुना, १८८४ चा. त्याचा अर्थ सोपा आहे. संसदेनं मंजूर न केलेला पैसा सरकारी खात्यानं खर्च करायचा नाही आणि कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही. तरी १९८० पर्यंत मंजुरी लांबली तर ऑफिसं चालूच राहायची. त्या वर्षी तिथले अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कडक अर्थ लावला. पैसे नाहीत तर काम बंद, जीव आणि मालमत्तेच्या रक्षणाचं तेवढं चालू. तेव्हापासून टाळं लावायची ही रीत पडली.

आधी वाटलं, लाँग वीकेंडच आहे!

आता कॅलेंडर बघा. २२ डिसेंबर शनिवार. २३ ला रविवार. २४ ला सरकारी कर्मचाऱ्यांना आधीच सुटी जाहीर झालेली. २५ ला नाताळ. म्हणजे टाळं लागल्यावर कामाचा पहिला दिवस उजाडला तो २६ डिसेंबरला! पहिले चार दिवस कुणाला फारसं काही जाणवलंच नाही. घरात झाड सजलेलं, ओव्हनमधून खमंग वास येतोय आणि टीव्हीवर बातम्यांची किरकिर. आपल्याकडे अधिवेशनात गोंधळ चालू असतो आणि आपण चिवडा खात चॅनेल बदलतो ना, तसंच.

सांताक्लॉजचा प्रवास लहान मुलांना दाखवणारा लष्कराचा उपक्रमही चालू राहिला, कारण संरक्षण खात्याचे पैसे आधीच मंजूर झाले होते. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं जुन्या शिलकीवर १ जानेवारीपर्यंत उघडी होती. खुद्द राष्ट्राध्यक्षांनीही फ्लोरिडाची सुटी रद्द केली. २४ तारखेला त्यांनी ट्विट केलं की आपण व्हाइट हाऊसमध्ये एकटेच बसलोय. घरी बसून शांत सुटी! फरक एवढाच, की ते घर सरकारी होतं आणि पुढच्या महिन्याचं भाडं कुठून आणायचं, ही काळजी त्यांना नव्हती.

मग २ जानेवारीला संग्रहालयं बंद झाली. प्राणिसंग्रहालय बंद झालं आणि पांडांना दिवसभर लाइव्ह दाखवणारा कॅमेराही बंद. तोवर घरोघरच्या सुटीची गोडी ओसरायला लागली होती.

काही घरी बसवलेले, काही कामावर बसवलेले

अडकलेल्या आठ लाखांचे दोन गट पडले होते. साधारण ३ लाख ८० हजार लोकांना घरी बसवलं. साधारण ४ लाख २० हजारांना सांगितलं की तुमचं काम अत्यावश्यक आहे, तुम्ही यायचंच. पगार मात्र नंतर. विमानतळावर बॅगा तपासणारे, विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर, सीमेवरचे जवान, तटरक्षक दल हे सगळे या दुसऱ्या गटात.

घरी बसवण्याला तिकडे शब्द आहे ‘फर्लो’. हा शब्द तुम्ही वाचला असेल, पण वेगळ्या बातम्यांत. आपल्याकडे फर्लोवर सुटतो तो तुरुंगातला कैदी, चार दिवस घरच्यांना भेटायला. तिकडे मात्र कर्मचाऱ्याला फर्लोवर पाठवतात म्हणजे त्याला घरातच अडकवतात. शब्द एकच, पण एकाची सुटका आणि दुसऱ्याची कोंडी.

आणि कामावर बोलावलेल्यांचं काय? त्यांची नाताळासाठी आधी मंजूर झालेली रजाही नियमाप्रमाणे रद्द. म्हणजे ज्याला काम करायचं होतं तो घरी आणि ज्याला घरी जायचं होतं तो कामावर! पगार दोघांनाही नाही.

‘फायद्यातच आहेत की!’

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रम्प यांचे आर्थिक सल्लागार केव्हिन हॅसेट टीव्हीवर मुलाखत देत होते. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं. नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत बरेच कर्मचारी तसेही रजा घेणारच होते. आता त्यांना रजा न वापरता सुटी मिळाली. नंतर पगारही मिळेल. म्हणजे एका अर्थी ते फायद्यातच आहेत!

कागदावर हे गणित बरोबर दिसतं, नाही का? आपणही कित्येकदा हेच बोलतो. लॉकडाऊनमध्ये बोललो, संपाच्या वेळी बोलतो. ‘घरी बसून आराम तर आहे, अजून काय पाहिजे?’

पण थांबा जरा. तुमचीच सुटी डोळ्यांसमोर आणा. सेमिस्टर संपल्यावरची सुटी आवडते, कारण ती कधी संपणार हे ठाऊक असतं. कॉलेज उघडायची तारीख नोटीस बोर्डवर लागलेली असते. रिझल्ट नाही, पुढच्या परीक्षेची तारीख नाही आणि मेस बंद पडलीये, अशा अवस्थेत पंधरा दिवस घरी बसलात, तर त्याला सुटी म्हणाल की टांगणी?

सुटी म्हणजे काम नसणं नव्हे. काम परत मिळणार आणि चूल पेटती राहणार ही खात्री असली, तरच ती सुटी. ही खात्री काढून घेतली की उरतं ते फक्त घरी बसणं. हॅसेट यांच्या गणितात ही खात्रीच धरलेली नव्हती.

योगायोग बघा. त्यांच्या मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, पहिला पूर्ण पगार चुकला. कर्मचाऱ्यांच्या हातात पगाराच्या पावत्या आल्या आणि जमा रकमेच्या जागी भोपळा! अनेकांनी त्या पावत्यांचे फोटो सोशल मीडियावर टाकले. सरकारी नोकरी म्हणजे पक्की नोकरी, हा समज तिकडेही आहे बरं का. त्या समजाचाच फोटो निघाला म्हणा.

‘अमेरिकेतले लोक, डॉलरमध्ये कमावतात, महिनाभर काय होतंय त्यांना?’ असं वाटू शकतं. तर तिथल्या फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं, २०१७ साली केलेली पाहणी ऐका. अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर दहांतल्या चार प्रौढांना तो खिशातून भागवता येत नव्हता. उसने घ्यावे लागणार होते, काही विकावं लागणार होतं किंवा तो खर्च जमणारच नव्हता. घरभाडं, गाडीचा हप्ता, शिक्षणाचं कर्ज, औषधं हे सगळं पगाराच्या तारखेवर टांगलेलं. ती तारीख हलली की सगळा डोलारा हलतो.

मग काय काय झालं? सरकारच्याच कर्मचारी विभागानं घरमालकाला लिहायच्या पत्राचे नमुने दिले. त्यातल्या एका नमुन्यात भाड्याच्या बदल्यात रंगकाम किंवा सुतारकाम करून देण्याची तयारी दाखवलेली होती! हा जुन्या शटडाऊनच्या वेळचा कागद चुकून गेला, असा खुलासा नंतर आला. तटरक्षक दलाच्या कुटुंबांसाठीच्या एका पत्रकात घरातल्या जुन्या वस्तू विका, मुलं सांभाळायची कामं घ्या, असे सल्ले होते. ते पत्रकही टीका झाल्यावर मागे घेतलं गेलं. १५ जानेवारीला या दलाच्या जवानांचा पगार चुकला आणि शटडाऊनमुळे गणवेशातल्या सैनिकांना पगार न मिळण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ ठरली. दुसऱ्या दिवशी शेफ होजे आंद्रेस यांच्या संस्थेनं वॉशिंग्टनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मोफत जेवणाचं स्वयंपाकघर सुरू केलं. ओळखपत्र गळ्यात अडकवलेली माणसं गरम सूपसाठी रांगेत उभी. आता म्हणा, फायद्यात आहेत!

तुमच्या सुटीमागे कुणाची ड्यूटी असते?

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. ती आपल्यासारख्या फिरायला जाणाऱ्यांची.

शटडाऊनमध्ये बरीचशी राष्ट्रीय उद्यानं उघडी ठेवली होती, पण माणसं नव्हती. कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री हे त्यातलंच एक. नाताळच्या सुटीत लोक गेले. तिकीट घ्यायला कुणी नाही, अडवायला कुणी नाही. मजाच की! थोड्याच दिवसांत कचऱ्याचे डबे ओसंडले, स्वच्छतागृहांत पाय ठेववेना. काहींनी गाड्या रस्ता सोडून वाळवंटात घातल्या. ज्या झाडांवरून उद्यानाला नाव पडलं, त्या झाडांचंही नुकसान केलं. हे झाड वर्षाला जेमतेम इंच-दोन इंच वाढतं. एका वीकेंडची मस्ती भरून यायला किती पिढ्या जातील, हिशेब करा.

तिथं सफाईला कोण धावलं? आसपासचे रहिवासी आणि गिर्यारोहणाचे शौकीन. घरून झाडू, पिशव्या, टॉयलेट पेपर घेऊन आले आणि कामाला लागले.

आपल्याकडे एखाद्या गडावर वीकेंडनंतर काय अवस्था असते, हे ट्रेकवाल्यांना सांगायला नको. सरकारी माणूस जागेवर असतो तेव्हा तो कधी दिसत नाही. तो नसला की मात्र पहिल्या दोन दिवसांतच दिसायला लागतो.

शेवटी मिटलं कसं?

भाषणांनी नाही मिटलं. बिनपगारी काम करणारे हळूहळू येईनासे झाले, म्हणून मिटलं. २० जानेवारीला विमानतळांवरच्या सुरक्षा तपासनिसांपैकी १० टक्के गैरहजर होते. आदल्या वर्षी त्याच दिवशी हे प्रमाण ३.१ टक्के होतं. पेट्रोलला पैसे नाहीत, मुलाला पाळणाघरात ठेवायला पैसे नाहीत, मग कामावर येणार कसं? २५ जानेवारीला सकाळी कंट्रोलर कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही वेळ थांबवावी लागली. त्याच दिवशी तडजोड झाली आणि सरकार उघडलं. एकूण ३५ दिवस. आणि भिंतीसाठी मागितलेले पैसे? त्या तडजोडीत ते नव्हतेच!

काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं नंतर हिशेब मांडला. अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं नुकसान झालं होतं आणि त्यातले साधारण तीन अब्ज कधीच भरून येणार नव्हते. कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला, त्यासाठी कायदाही झाला. पण सरकारी इमारतींमधले कंत्राटी सफाई कामगार, कँटीनवाले, गार्ड यांना तो कायदा लागू नव्हता. त्यांचे ३५ दिवस गेले ते गेलेच. साखळीत जो सगळ्यात खाली, त्याची ‘सुटी’ सगळ्यात महाग!

आपला काय संबंध?

आहे ना. तुमच्या वर्गातले दोघं-तिघं तरी एमएसला तिकडे जायची तयारी करत असतील. त्यांच्यासाठी ही माहिती अगदी कामाची आहे. तिथलं इमिग्रेशन कार्यालय बहुतांशी अर्जदारांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते सहसा बंद पडत नाही. पण २०१८-१९ मध्ये नोकरीचा परवाना तपासणारी ‘ई-व्हेरिफाय’ ही यंत्रणा बंद होती. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी जादा मुदत या यंत्रणेत नाव असलेल्या कंपनीतच मिळते. एच-१बी व्हिसाची पहिली पायरी असते श्रम खात्याकडे. २०१८ मध्ये त्या खात्याचे पैसे मंजूर होते, म्हणून ते काम चाललं. २०२५ मध्ये नव्हते, म्हणून ते अडलं.

हो, २०२५ मध्ये पुन्हा तेच घडलं. १ ऑक्टोबरला टाळं लागलं ते १२ नोव्हेंबरला उघडलं. ४३ दिवस! आधीचा ३५ दिवसांचा विक्रम मोडला. या वेळी नाताळ सापडला नाही, सापडली दिवाळी. तिकडे सरकारी नोकरीत असलेल्या आपल्या माणसांनी त्या वर्षी आकाशकंदील लावला तो बिनपगारीच.

भारतात असं का होत नाही? आपल्याकडेही संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून पैसा काढता येत नाही. पण बजेट लांबणार असेल तर घटनेच्या कलम ११६ नुसार लेखानुदान मंजूर करून घेता येतं, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची सोय. आणि लोकसभेनं सरकारला पैसेच नाकारले, तर ऑफिसला टाळं लागत नाही, सरकार जातं. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, तरीही बजेट सगळ्या पक्षांनी चर्चेविना मंजूर होऊ दिलं. भांडण चालू राहिलं, पण पगार थांबले नाहीत.

म्हणून आपण फार सुखात आहोत, असं मात्र समजू नका. आपल्याकडे टाळं लागत नाही, फाइल अडकते. तुम्हाला शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या सरांना विचारा, मानधन कधी आलं होतं. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचं स्टेटस रोज बघणाऱ्या मित्राला विचारा. त्यांच्या शटडाऊनला नाव नसतं, त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही. कितवा दिवस आहे, हे कुणी मोजतही नाही.

मग या सुटीत काय कराल?

फार मोठं काही नको. तीन गोष्टी करून बघा.

घरी एकदा विचारा की, पगार एक महिना थांबला तर आपलं काय होईल? ऐन सणात कशाला, असं आई म्हणेल. तरी विचारा. हप्ता किती जातो, शिल्लक किती असते, तुमची फी कुठून येते, हे वीस वर्षांच्या मुला-मुलीला माहीत असायला हवं. ते कळल्यावर नव्या फोनचा हट्ट थोडा कमी झाला तर तो बोनस!

इंटर्नशिप किंवा कंत्राटी नोकरी घेताना स्टायपेंड किती एवढंच विचारू नका. काम मध्येच थांबलं तर पैसे मिळणार का, हेही विचारा आणि लेखी घ्या. विचारायला लाज वाटायचं काही कारण नाही.

आणि तिसरं. ग्रुपवर ट्रिप ठरते आणि एखादा म्हणतो, ‘मी नाही येत रे, घरीच आराम करतो.’ तेव्हा ‘काय बोअर आहेस!’ असा रिप्लाय लगेच टाकू नका. कदाचित त्याच्या घरी कुणाचं तरी बिल कुठल्या तरी टेबलावर अडकलेलं असेल. तो सुटी घेत नसेल, त्याला घरी बसावं लागत असेल. त्याला वेगळा फोन करा. जमलं तर ट्रिप रद्द करून त्याच्याच गावी जा, गच्चीवर गप्पा मारा. त्याला खर्च पडणार नाही आणि तुमची सुटीही वाया जाणार नाही.